दोन्ही पाय उबदार

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. तो कुठे गेला हे आमच्या तळ्याकाठच्या गावात कुणालाही विचारा. प्रत्येक जण वेगळं सांगेल, आणि प्रत्येकाला ते मीच सांगितलेलं असेल. डोरीनच्या बारमध्ये तो मस्की माशाने नेलेला आहे. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून बसलो होतो, आमिष संपलं म्हणून पाय सोडला. मासा एवढा थोर की तो वर आला तेव्हा तळ्याचं पाणी चार बोटं उतरलं आणि पलीकडच्या काठावरच्या होड्या चिखलात बसल्या. चर्चमध्ये तो अस्वलाने नेलेला आहे. मात्र अस्वल भाविक होतं, त्याने रविवारच्या आत बूट परत आणून ठेवला. लाकूड गिरणीत नवे कामगार आले की त्यांना सांगायचो, पत्त्यात हरलो, आणि जिंकणारा अजून तो घालून लग्नांत नाचतो.

खरं काय झालं ते मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याआधी सिग्नेबद्दल सांगतो.

सिग्ने हौगन ही गिरणीतला माझा जोडीदार रॉल्फ, त्याची नात. रॉल्फ गेला, पण पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढली. जीवशास्त्रात पदवी घेतली, तीही अशा गुणांनी की तिच्या आईने गुणपत्रिका शाळेच्या बसमध्ये, स्वतःच्या सीटवर, काचेला चिकटवली. आई तीच बस चालवते. मग सिग्नेने डॉक्टर व्हायला एकोणीस कॉलेजांत अर्ज केले आणि एकोणीस ठिकाणांहून नकार आले. एका भल्या बाईंनी फोनवर कारण सांगितलं, "गुण उत्तम आहेत गं, पण तू आजारी माणसांजवळ बसलीस कधी?"

बसायचं तर ती कुठेही फुकट बसली असती. पण घरात एकाच बसवर दोघींचं चाललेलं; पगार हवाच होता. आता इस्पितळात पगारी काम मिळवायचं तर अनुभव हवा, आणि अनुभव मिळवायचा तर इस्पितळात काम हवं. तिने एकतीस अर्ज भरले. रोग्यांच्या खाटा ढकलायच्या कामालासुद्धा दोन वर्षांचा अनुभव मागत होते. सबंध हिवाळा पोर मासेमारीच्या दुकानात डझनावारी गांडुळं मोजत उभी होती. गांडुळांशी तिचं वागणं अतिशय मायेचं होतं, पण गांडुळं शिफारसपत्र लिहीत नाहीत.

फेब्रुवारीत आमच्या डॉ. टेश्केंनी तिला दवाखान्यात घेतलं. काम असं : कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायचं, आणि डॉक्टर जे बोलतील ते रोग्याच्या नोंदीत टाइप करायचं. रोग्याला हात लावायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. स्वतःच्या मनातलं एक अक्षर घालायचं नाही. "खुर्ची असते ना, तशी असायचं तू," व्यवस्थापक बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सहा महिने खुर्चीसारखं राहिलं की डॉक्टर पत्र लिहिणार होते, ते ऑगस्टअखेर कॉलेजांकडे पोचायला हवं होतं, आणि त्या पत्रावर तिचं सगळं अडलेलं होतं. हे तिने मला स्वतः सांगितलं, दुकानात, शेवटचं डझन बांधून देताना.

जुलैत माझी तपासणी होती. साखरेची, ती तीस वर्षं माझ्याबरोबर आहे, बायकोपेक्षा जास्त टिकली. टेश्के दिवसाला अठ्ठावीस माणसं बघतो. पूर्वी बघायचा चौदा. मग दवाखाना शहरातल्या कुणी मोठ्या मंडळींनी विकत घेतला, तेव्हापासून त्याला दम घ्यायला सवड नाही. मी खोलीत शिरलो तेव्हा तो कॉफीचा सव्विसावा कप संपवल्यासारखा चेहरा करून बसला होता.

"काय इनार, जिवंत?"

"नोंद बघून सांग, डॉक. मला नक्की माहीत नाही."

कोपऱ्यात सिग्ने हसली. खुर्चीला हसायची परवानगी होती की नाही कोण जाणे. मी तिला टाइप करायला काहीतरी मिळावं म्हणून नकली पायाबद्दल नवीन गोष्ट काढली, की त्यात सुतार पक्ष्याने घरटं केलंय आणि पहाटे टकटक होते. टेश्के स्क्रीनवरची साखर बघत होता. औषध थोडं वाढवलं, डोळे तपासून घे म्हणाला, घड्याळ बघितलं.

"पायांचं?" सिग्नेने विचारलं.

"नेहमीचं घाल," तो म्हणाला आणि उठला.

डाव्या पायातला मोजा मी काढला नाही. कुणी काढ म्हणालंही नाही.

आमच्याकडे आता रोग्याला स्वतःची नोंद फोनवर वाचता येते. भाचीने मला ते ॲप घालून दिलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी पोर्चवर बसून सहज उघडलं तर लिहिलेलं : 'दोन्ही पाय उबदार. दोन्ही पावलांची नाडी उत्तम. त्वचा अखंड. दहाही बोटांना स्पर्श कळतो.' 'नेहमीचं' म्हणजे हे. एक बटण दाबलं की सगळा परिच्छेद आपोआप उमटतो, धडधाकट माणसाचा.

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाने काय करावं?

शुक्रवारी आमचं अर्धं गाव डोरीनकडे तळलेला मासा खायला जमतं. मी कागद छापून नेला. नकली पाय काढला, काउंटरवर ठेवला, त्याच्या पावलावर दोन बोटं टेकून नाडी बघितली आणि म्हणालो, "मंडळी, नवा फुटलाय." आणि ते सगळं वाचलं. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. डोरीन फोनवर चित्रण करत होती, तिचा हात हसून एवढा हलत होता की बघणाऱ्याला वाटावं बार होडीत आहे. गंमत म्हणजे जन्मात पहिल्यांदा मी शब्दन्‌शब्द खरा बोलत होतो आणि गिरणीतला माझा जुना सोबती बार्नी ओरडत होता, "इनार, ही तुझी सगळ्यांत भारी थाप!"

मी गोष्ट अर्धी सोडत नाही. कागद शेवटपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती : 'लेखन : सिग्ने हौगन, डॉ. टेश्के यांच्या सांगण्यावरून.'

तीही वाचली.

सोमवारी सकाळी टेश्केचा फोन आला. दहा वर्षांत त्याने मला कधी फोन केला नव्हता.

"तो कागद खरा आहे का, इनार?"

"तुझीच सही आहे, डॉक."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ. व्यवस्थापक बाई चौकशी लावतायत. वरचे लोक नोंदी काढून बघणार. माझं काही व्हायचं ते होईल, पण पोरीचं नाव कागदावर आहे. चौकशी चालू असताना मला तिचं पत्र पाठवता येत नाही. कळतंय?"

"कळतंय."

"तू एवढंच म्हण, की कागद तू बनवलास. गंमत म्हणून. सगळं गाव विश्वास ठेवेल. बाईसुद्धा. चौकशी तिथेच मिटेल, आणि पत्र मी महिनाअखेर वेळेत पाठवतो."

माणसाला त्याच्या कलेची कदर झाल्यावर बरं वाटतं. चाळीस वर्षं थापा मारल्या, पहिल्यांदाच कुणाला एक हवी होती. मी हो म्हणालो. फोन ठेवला तेव्हा मला फार हलकं वाटत होतं, अर्ध्या पायाचं वजन नसतं तेवढं.

संध्याकाळी सिग्ने आली. पोर्चच्या पायऱ्या तिने अशा चढल्या की प्रत्येक पायरीने माझ्यावर आरोप केला.

"चार हजार," ती म्हणाली.

"काय चार हजार?"

"चार हजार वेळा बघितलाय तो व्हिडिओ. आपल्या गावात नऊशे माणसं आहेत, इनार. म्हणजे कुत्र्यांनीपण बघितला."

"बस ना पोरी. लिंबू सरबत—"

"नकोय मला सरबत! माझं नाव का वाचलंत? हसवून झालं होतं की सगळ्यांना. तिथे थांबता आलं नसतं?"

"नसतं आलं," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

ती कठड्याला टेकली. तिचा आवाज उतरला. "आणि वाईट काय माहितेय? ते बटण मी दाबलंय. तो म्हणाला नेहमीचं, मी दाबलं. तुमचा नकली पाय माझ्यासमोर खुर्चीला टेकवून ठेवलेला होता. तुम्ही सुतार पक्ष्याचं सांगत होतात आणि मी त्या पायाकडे बघून हसत होते, आणि हसत हसत लिहिलं की तो उबदार आहे. तेविसावे रोगी होतात तुम्ही त्या दिवशीचा. मी वाचलंच नाही. डॉक्टर व्हायचंय म्हणे मला."

मग मी तिला माझी आनंदाची बातमी दिली. टेश्केचा फोन, थाप, पत्र. ती ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, त्याच्यावर आधी सुटका आली, मग त्या सुटकेची लाज आली, आणि मग लाज गिळून ती म्हणाली, "चालेल."

"चालेल ना?"

"मला ते पत्र हवंय, इनार. अजून एक वर्ष गांडुळं मोजली तर मी त्यांच्यातच राहायला जाईन. चालेल. म्हणा तुम्ही."

ती जायला वळली आणि तिची नजर खाली गेली. माझ्या डाव्या पायातल्या मोज्यावर, पुढच्या टोकाला, नाण्याएवढा ओला डाग होता. मला वाटलं होतं संध्याकाळच्या उजेडात दिसणार नाही.

"हे काय?"

"सरबत सांडलं."

"सरबत तपकिरी असतं?"

"आमच्याकडचे लिंबू—"

"इनार."

तिने परत एक पायरी वर चढून वास घेतला. माणसाच्या चेहऱ्यावरचे रंग जाताना मी गिरणीत पाहिलेत, करवतीजवळ. तसे तिचे गेले.

"कधीपासून?"

"जूनपासून. छोटंसं आहे. दुखत नाही."

"दुखत नाही हेच तर—" ती थांबली. तिला सल्ला द्यायची परवानगी नव्हती. तिने हात पाठीमागे बांधले, खरंच बांधले, जसे काही ते आपणहून पुढे येतील. "तुम्ही जुलैत दाखवलं का नाहीत?"

त्या वेळी माझ्याकडे निदान सहा उत्तरं तयार होती आणि त्यांतल्या एकात व्हेल होता. पण ती रॉल्फसारखी उभी होती, मान थोडी कलती, आणि मला एकही काढता येईना. मी तिला खरी गोष्ट सांगितली. अकरा वर्षांपूर्वी उजव्या टाचेला फोड आला. तेव्हा इथे दुसरा डॉक्टर होता. त्याच्या नर्सने विचारलं, पाय कसे आहेत? मी म्हणालो, नाचतोय. ती हसली, मोजा न काढता तिने लिहिलं, पाय उत्तम. मलाही बरं वाटलं. कागदावर उत्तम लिहिलंय म्हणजे असणारच. पाच आठवड्यांनी शहरात नेऊन कापला. मासा नाही, अस्वल नाही. मोजा न काढल्यामुळे गेला, आणि तो न काढण्यात माझा अर्धा वाटा होता. असं बारमध्ये सांगून कोण हसणार?

सिग्ने पायरीवर बसली.

"तुम्ही एकदा म्हणालात की तो कागद तुमची थाप आहे," ती म्हणाली, "तर दवाखान्यातली नोंद कुणी उघडणारच नाही. ती तशीच राहील. त्यात डावा पायपण उत्तम आहे."

"मी जाईन की दाखवायला. पत्र गेल्यावर."

"कधी? महिनाअखेर?"

मी डावा पाय खुर्चीखाली ओढला.

"आणि तुम्ही जाल? तुम्ही?"

मी पाय आणखी आत घेतला.

"पत्र माझं आणि पाय तुमचा," ती म्हणाली आणि डोळे पुसले, रागाने, मनगटाच्या मागच्या बाजूने. "उद्या आठ वाजता गाडी घेऊन येते. आंघोळ करून ठेवा."

सकाळी आमचा रस्ता फार शांततेत गेला. मी दोनदा गोष्ट काढली, तिने दोनदा रेडिओ मोठा केला.

टेश्के आम्हा दोघांना एकत्र आलेलं बघून दारातच थबकला. सिग्ने कोपऱ्यात जाऊन लॅपटॉप उघडून बसली, आणि खुर्ची बोलली.

"डॉक्टर, जुलैच्या नोंदीत पायांचं जे आहे ते खोटं आहे. तुम्ही नेहमीचं म्हणालात, मी बटण दाबलं, मी वाचलं नाही. आज तुम्ही पाय बघा. बघाल ते मी लिहिते."

"सिग्ने, बाहेर बोलू आपण."

"बाहेर नको. मोजा इथे आहे."

टेश्के वाईट माणूस नाही. मी त्याला चौदा रोग्यांच्या काळात ओळखत होतो. तेव्हा तो विहिरीचं पाणी कसं आहे हेपण विचारायचा. तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. बाहेर कुणीतरी दारावर टकटक करून पुढचा रोगी थांबलाय म्हणालं. "थांबू दे," तो म्हणाला. गुडघे कुरकुरत खाली बसला आणि माझा मोजा स्वतःच्या हाताने उतरवला.

खोलीत जो वास पसरला त्याबद्दल मी काही वाढवून सांगणार नाही.

टेश्केने पाऊल दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. मग खाली बसल्या बसल्याच सांगू लागला, सावकाश, आणि सिग्ने टाइप करत गेली. डाव्या पायाचं चौथं बोट काळं. पाचव्याखाली जखम, खोल. पावलाची नाडी अंधूक. स्पर्श कळत नाही. एवढं झाल्यावर त्याने मान वर केली. "आणि लिही. उजवा पाय, गुडघ्याखाली, नाही."

"नाही," तिने टाइप करत म्हटलं.

"वर लिही, की जुलैची नोंद चुकीची आहे. चूक माझी."

"आपली," ती म्हणाली.

"तू माझ्या मनातलं लिहितेस की तुझ्या?" तो चिडून म्हणाला. "माझी लिही."

त्याच दुपारी मला शहरातल्या इस्पितळात पाठवलं. दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. तिथल्या सर्जनने सांगितलं, आणखी दोन आठवडे थांबला असतात तर मला गुडघ्यापाशी भेटला असतात.

मी परत आलो तोवर सिग्नेची नोकरी गेली होती. बटणामुळे नव्हे. ती रोग्याच्या घरी जाऊन त्याच्या आजाराबद्दल बोलली आणि स्वतःच्या गाडीतून त्याला घेऊन आली, हे नियमात बसत नव्हतं. व्यवस्थापक बाईंनी फार सभ्यपणे सांगितलं म्हणे. टेश्केला ताकीद मिळाली, आणि दिवसाला तीन रोगी कमी. ती शिक्षा होती की बक्षीस ते त्यालाही कळलं नसावं.

पत्राचं मी त्याला विचारलं, टाके काढायला गेलो तेव्हा.

"पाठवलं. ऑगस्टच्या एकतीस तारखेला."

"काय लिहिलंस?"

"ते गुप्त असतं, इनार. अर्ज भरतानाच त्या पोरांकडून सही घेतात, की आम्ही पत्र बघायला मागणार नाही. तिला वाचता येत नाही, तर तुला काय सांगू?"

"म्हणजे माझी नोंद मला वाचता येते, आणि तिची तिला नाही?"

"टाका ओढतोय. हलू नकोस."

सिग्नेला वृद्धाश्रमात काम मिळालं. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, पुसायचं, भरवायचं. पगार दवाखान्यापेक्षा कमी, पण आजारी माणसांजवळ बसणं भरपूर; कधीकधी तेच तिच्यावर बसतात. सप्टेंबर गेला, तळं गोठलं, आणि कुठल्याच कॉलेजचं बोलावणं येईना. ती म्हणायची, पत्रात काय आहे कळलं असतं तर झोप लागली असती, वाईट असतं तरी. जानेवारीत एकच बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंसमोर फाइल बंद ठेवलेली होती. त्यांनी गुणांचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "दोन्ही पाय उबदार असलेल्या एका पायाच्या माणसाबद्दल सांगा."

तेव्हा तिला कळलं टेश्केने काय लिहिलं होतं.

तिने सगळं सांगितलं, बटण दाबल्यासकट, 'चालेल' म्हटल्यासकट. बाईंनी ऐकून घेतलं, आभार मानले. मार्चमध्ये पत्र आलं : प्रतीक्षा यादी, क्रमांक एकेचाळीस. नंतर सदतीस. मग यादी हललीच नाही.

दर गुरुवारी कामावरून सुटली की ती माझ्या पोर्चवर येते. आता ती कुठल्या दवाखान्याची नाही, त्यामुळे हात लावायला मोकळी आहे. "मोजा," एवढंच म्हणते. मी गोष्ट सुरू करतो, ती बॅटरी पेटवून उरलेली तीन बोटं एकेक करून बाजूला सारते आणि मधली जागा बघते. फोन कठड्यावर ठेवलेला असतो, तोंड वर करून.

गेल्या गुरुवारी तो वाजला. अनोळखी क्रमांक. मी व्हेलच्या मध्यावर होतो, गप्प झालो. तिने फोनकडे पाहिलं, पण शेवटच्या दोन बोटांमधली जागा बघून झाली नव्हती. ती बघितली, टाच उचलून खालून बघितली, मग फोन उचलला.

"हो. मीच बोलतेय... हो... हो, ऐकतेय."

तो फोन कॉलेजचा होता असं मी आता सांगितलं तर तुम्हाला आवडेल, आणि मला ते जमेलही. पण तो वृद्धाश्रमातून होता. रविवारी कुणी येत नव्हतं, येशील का म्हणून विचारत होते. ती येते म्हणाली.

फोन ठेवून तिने मोजा उलटा करून आतून बघितला, सुलटा केला, माझ्या पायात चढवला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "गार आहे थोडा. पण ठीक आहे."

"तसंच लिहू?"

"तसंच लिहा," ती म्हणाली, आणि तिसऱ्या वर्षीचा अर्ज भरायला घरी गेली.